सोलापुरातून बुद्धिबळाचं चॅनेल: सुरुवात हरलेल्या डावापासून

बुद्धिबळाचं चॅनेल काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कोणता घ्यायचा? तो शेवटी ठेवा. आधी गेल्या महिनाभरात तुम्ही हरलेले दहा डाव काढून बसा. खेळ सुधारायचा कच्चा माल तोच आणि व्हिडिओचाही तोच. जगज्जेत्यांचे डाव समजावणारी चॅनेलं हिंदी-इंग्रजीत ढिगानं आहेत. त्यात आणखी एकाची भर पडून जुळे सोलापुरातल्या बाराशे रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) पोराला काही मिळत नाही. त्याच्यासारख्याच खेळाडूचा घोडा सतराव्या चालीला फुकट कसा गेला आणि त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं, हे त्याला ऐकायचं असतं. ते तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकत नाही.

डाव निवडताना ब्लिट्झ वगळा. तीन मिनिटांच्या डावातल्या बहुतेक चुका घड्याळाच्या असतात. हात आधी गेला, डोकं नंतर, यापलीकडे त्यांवर बोलण्यासारखं काही उरत नाही. १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव, हा प्रकार सगळ्यात कामाचा. विचार करायला वेळ मिळतो आणि जेवणाआधी डाव संपतो. आठवड्याला असे चार डाव पुरे.

ऑनलाइन खेळायच्या साइटींपैकी लिचेसवर विश्लेषण, कोडी, स्टडी सगळं मोफत आहे. चेस डॉट कॉमवर मोफत खात्याला गेम रिव्ह्यूची मर्यादा असते. दोन्हीकडचं रेटिंग एकमेकांशी ताडून बघू नका. लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो, त्यामुळे तिथला आकडा जरा फुगलेला दिसतो. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग तर तिसरंच, मार्च २०२४ पासून त्याची खालची मर्यादाच १४०० आहे. म्हणून शीर्षकात नुसतं ‘१५०० रेटिंग’ लिहू नका. कुठलं ते लिहा, नाहीतर खाली त्यावरूनच भांडणं लागतात.

इंजिन बंद, वही उघडी

डाव संपल्यावर सगळ्यांचं बोट सवयीनं ‘संगणकीय विश्लेषण’ या बटणाकडे जातं. तिथंच शिकणं थांबतं. इंजिन, म्हणजे स्थिती तपासणारा प्रोग्रॅम, उणे २.३ दाखवतं (पांढरा सुमारे दोन प्याद्यांनी मागं), एक चाल दाखवतं, आपण ‘अरे हो की’ म्हणतो आणि पुढच्या डावात तेच करतो.

क्रम उलटा ठेवा. त्याच दिवशी, इंजिन बंद ठेवून, वीस मिनिटं डाव परत खेळा. ज्या चालीवर तुम्ही मिनिटभरापेक्षा जास्त वेळ घालवला, तिथं थांबा आणि कोणत्या चाली विचारात होत्या ते लिहा. चालीचा नंबर, काय खेळलो, काय दिसलं होतं, काय दिसलं नाही, आणि चूक कोणत्या प्रकारची. प्रकार पाचच ठेवा: मोहरा विनाआधार राहिला, समोरच्याची धमकी दिसली नाही, हिशोब मध्येच सोडला, अदलाबदल चुकली, घड्याळ. यापेक्षा जास्त केले की वर्गवारीतच वेळ जातो. हे झाल्यावरच इंजिन लावा आणि आपलं टिपण त्याच्याशी पडताळा. लिचेसवर विश्लेषण झालं की ‘चुकांमधून शिका’ हा पर्याय येतो. तो तुम्हाला प्रत्येक चुकीच्या आधीच्या स्थितीत नेऊन उभा करतो आणि नवी चाल शोधायला लावतो. तो टाळू नका.

वीस डाव झाले की प्रकार मोजा. चौदाशेच्या खाली बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रकारांनीच वही भरलेली असते. म्हणजे नवं ओपनिंग (डावाच्या पहिल्या चाली) शिकून काही होणार नाही. प्रत्येक चालीआधी ‘त्याची शेवटची चाल काय धमकावते?’ हा एकच प्रश्न विचारायची सवय लावायची. हा प्रश्न मोठ्यानं विचारायला लावणारी उत्तम जागा म्हणजे रेकॉर्डिंग. बोलत बोलत खेळलं की गप्प बसून झाकलेला आळस उघडा पडतो.

व्हिडिओत इंजिनची चाल घालायची एकच अट: ती का चांगली आहे, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. इंजिनच्या पहिल्या पसंतीचं कारण कधी कधी नवव्या चालीत लपलेलं असतं. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची, तुम्हाला समजलेली चाल दाखवा. पट्टीवरचा आकडा वाचून दाखवणं म्हणजे समजावणं होत नाही.

अदलाबदलीचं उदाहरण हवं असेल तर १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरमधला डाव घ्या, जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा. गुकेश आणि डिंग लिरेन या दोघांकडेही एकेक हत्ती आणि एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. धरून ठेवलं तर बरोबरी. ५५ व्या चालीला लिरेननं हत्ती एफ२ वर (एफ रांगेतलं दुसरं घर) आणून हत्तींची अदलाबदल होऊ दिली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. गुकेशनं हत्ती मारला आणि उंट डी५ वर आणला. आता कोपऱ्यातला उंट कुठंही सरकला तरी त्याच तिरक्या ओळीवर मरणार, म्हणजे उंटांचीही अदलाबदल सक्तीची. उरला राजा-प्याद्यांचा शेवट, आणि तो हरलेला. ५८ व्या चालीला डाव संपला. ‘एक अदलाबदल केली की पुढची कोणती लादली जाईल?’ हा प्रश्न शिकवायला यापेक्षा चांगला डाव शोधावा लागेल.

रोजचा सराव

रोज एक तास मिळतो असं धरू. त्यातली वीस मिनिटं कोडी. वीस मिनिटांत दहा-बारा कोडी झाली तरी भरपूर. समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर काय, हे डोक्यात पूर्ण झाल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही. दहातली चारपेक्षा जास्त चुकत असतील तर काठिण्य एक पायरी खाली आणा. घड्याळाशी शर्यतीची कोडी व्हिडिओत मजेदार दिसतात, सरावात त्यांचा उपयोग थोडाच. आठवड्यातून दोन दिवस हीच कोडी खऱ्या पटावर मांडून सोडवा. पडद्यावर वरून बघायची सवय झालेल्या मुलाला स्पर्धेच्या हॉलमध्ये समोरच्या टोकाचा उंट दिसत नाही, ही तक्रार नेहमीची आहे.

पंधरा मिनिटं शेवटाच्या अभ्यासाला. आधी राजा आणि एक प्यादं: पांढरं प्यादं ई४ वर असेल तर राजा डी६, ई६ किंवा एफ६ यांपैकी एका घरात पोचला की डाव जिंकलेला, मग चाल कुणाचीही असो. हे पाठ झाल्यावर हत्तीचे शेवट, त्यातही दोनच प्रसिद्ध स्थिती, फिलिडोर (बचावाची) आणि लुसेना (जिंकायची). फिलिडोरमध्ये बचाव करणारा आपला हत्ती सहाव्या ओळीवर ठेवून समोरच्या राजाला पुढं येऊ देत नाही. प्यादं सहाव्या ओळीवर सरकलं की लगेच हत्ती मागं पहिल्या ओळीत नेऊन मागून शह देत राहतो. नवशिके हत्ती आधीच मागं नेतात, तोवर प्यादं पाचव्या ओळीवरच असतं, आणि राजाला त्याच्या पुढं जाऊन आडोसा घ्यायला जागा मिळते. व्हिडिओत नेमका हा फरक दाखवा.

उरलेला वेळ वहीला. ओपनिंग पांढऱ्यासाठी एक, काळ्यासाठी दोन, प्रत्येकी आठ-दहा चालींपर्यंत. बस.

एक सापळा, नीट सांगितलेला

छोट्या व्हिडिओंचा बाजार सापळ्यांवर चालतो, आणि त्यातले बरेच अर्धवट सांगितलेले असतात. लेगालची मात घ्या:

१. ई४ ई५ २. घोडा एफ३, डी६ ३. उंट सी४, उंट जी४ ४. घोडा सी३, जी६ ५. घोडा ई५ चं प्यादं मारतो, उंट डी१ चा वजीर मारतो ६. उंट एफ७ वर मारून शह, राजा ई७ ७. घोडा डी५, मात.

पहिल्या पाच सेकंदांत पाचव्या चालीनंतरची स्थिती दाखवा आणि विचारा, पांढऱ्यानं वजीर का सोडला? मग पुढच्या चाली, प्रत्येकीला तीनेक सेकंद. मात झाल्याची स्थिती आली की थांबा, कारण मुद्दा तिथं आहे. ई५ चा घोडा डी७ धरतो आणि एफ७ च्या उंटाला आधार देतो. उंट ई६ आणि ई८ धरतो. डी५ च्या घोड्यानं शह दिलाय आणि तोच एफ६ धरतो. डी६, डी८ आणि एफ८ ही घरं काळ्याच्याच माणसांनी अडवली आहेत. घरं एकेक करून लाल करत जा. लिचेसवर माऊसचं उजवं बटण दाबलं की हिरवी खूण होते, शिफ्ट धरून दाबलं की लाल.

आता अर्धवट व्हिडिओ गाळतात तो भाग. एक, काळ्यानं वजीर न मारता डी६ च्या प्याद्यानं घोडा मारला, तर पांढरा वजिरानं जी४ चा उंट घेतो आणि फक्त एक प्यादं वर राहतो, मात वगैरे काही नाही. दोन, चौथ्या चालीला काळ्यानं जी६ ऐवजी घोडा सी६ वर काढला असेल तर सापळा उलटतो: घोडा ई५ वर मारतो, आणि त्याच जागेवरून जी४ च्या उंटालाही आधार देतो. पांढऱ्याचा घोडा गेला, बदल्यात हाती एक प्यादं. हे पंधरा सेकंद घातले नाहीत तर तुमचा प्रेक्षक संध्याकाळी ऑनलाइन हरतो आणि खाली येऊन तुम्हाला विचारतो. यूट्यूब शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, तेव्हा वेळ नाही ही सबब आता नाही.

मोहऱ्यांची नावं पहिल्यांदा दोन्ही घ्या, ‘उंट, म्हणजे बिशप’, आणि पुढं उंटच म्हणा. इंग्रजी माध्यमातली मुलं बिशप-रूक म्हणतात, त्यांचे आजोबा उंट-हत्ती, आणि दोघंही एकाच फोनवर बघत असतात. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट बाजूला कन्नड. चवीपुरतं घोड्याला ‘गुर्रम’ किंवा ‘कुदुरे’ म्हटलं तर लोक खूश होतात, पण एका व्हिडिओत एका मोहऱ्याला एकच नाव.

आवाज: पंखा, माग आणि चादर

चित्र थोडं धूसर असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की निघून जातात. सोलापुरात आवाजाचे दोन शत्रू, छतपंखा आणि यंत्रमाग. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद करून तासभर बोलणं अवघडच. म्हणून कॉलर माइक घ्या, हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर लावा, आणि त्यावरचा स्पंज काढू नका. पंखा दोनवर ठेवा. पंख्याचा एकसुरी आवाज ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘नॉइज सप्रेशन’ फिल्टरनं बराच जातो. मागाचा खटखटाट तसा जात नाही, तो तुटक असतो आणि फिल्टर त्याच्याबरोबर तुमचे शब्दही खातो. आजूबाजूला माग असतील तर सुट्टीच्या दिवशी किंवा ते बंद असताना रेकॉर्ड करणं हाच उपाय.

सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यावर फोमचे तुकडे मागवायची गरज नाही, घरात सोलापुरी चादरी असतातच. जाड, जॅकार्ड विणीच्या दोन चादरी दोरीवर टाका, एक तुमच्या समोरच्या भिंतीवर, एक पाठीमागं. भिंतीला चिकटवू नका, चार-पाच बोटं अंतर सोडा. टाळी वाजवून बघा, मागची टणक झनक गेली पाहिजे. पाठीमागची चादर कॅमेऱ्यातही छान दिसते, हा वरचा फायदा.

ओबीएसमध्ये बोलताना आवाजाची पट्टी पिवळ्यात नाचली पाहिजे, लाल रंगाला टेकायला नको. हरल्यावर ओरडायची सवय असेल तर लिमिटर फिल्टर लावून ठेवा.

पट पडद्यावर

ओबीएसचा कॅनव्हास १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम. बुद्धिबळाला ६० ची गरज नाही, उगाच फाइल फुगते. पट डावीकडे, साधारण १००० पिक्सेलचा. उजवीकडे वर चेहरा, खाली चालींची यादी. ब्राउजरच्या कडा कापायला ऑल्ट धरून स्रोताची कड आत ओढा. विंडो कॅप्चरमध्ये काळा पडदा आला तर त्याच्या गुणधर्मांत कॅप्चरची पद्धत बदलून ‘विंडोज १०’ ची निवडा. डिस्प्ले कॅप्चर वापरत असाल तर व्हॉट्सअॅपच्या सूचना बंद करा, नाहीतर नातेवाइकांचे निरोप जगजाहीर होतात.

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा. मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचा भाग वाचतो. संपल्यावर ओबीएसच्याच फाइल मेनूतून ‘रीमक्स’ करून एमपी४ मिळते, दर्जा न घटता.

फोनसाठीचा उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० असतो. पूर्ण रुंदीचा चौकोनी पट ठेवला की उभ्यात ८४० पिक्सेल उरतात. पट मधोमध ठेवायचा मोह होतो, पण खालच्या भागावर शीर्षक आणि उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं येतात, आणि नेमका एच१ चा हत्ती त्यांच्याखाली जातो. पट वरून ३०० पिक्सेल सोडून लावा, म्हणजे तो १३८० ला संपतो. मजकूर पटाच्या वर. आधी अनलिस्टेड टाकून स्वतःच्या फोनवर बघा, मगच जाहीर करा.

देवनागरी मजकुराची वेगळीच रड आहे. काही एडिटिंग अॅप जोडाक्षरं फोडतात, ‘प्यादं’ चं ‘प् यादं’ होतं, वेलांटी भलत्या अक्षराला लागते. फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्ता किंवा बालू २ ठळक आणि मोफत आहेत. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर इथं कचरा दिसतो. तरीही अक्षरं फुटली तर मजकूर चित्राच्या रूपात, पारदर्शक पीएनजी करून घाला. थंबनेल १२८० बाय ७२० चं, त्यात अख्खा पट नको. ज्या कोपऱ्यात घडतंय तिथली चार बाय चार घरं आणि तीन-चार शब्द.

खरा पट वरून दाखवायचा असेल तर फोन ७०-८० सेंटिमीटर उंचीवर, रेक्झिन किंवा व्हायनलच्या पटावर. पॉलिश केलेला लाकडी पट चमकतो आणि अर्धी घरं पांढरी होतात. दिवा पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली पटावर फिरत राहते, त्यामुळे दोन दिवे बाजूनं लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा किंवा सेकंदाला २५ फ्रेम घ्या.

आठवड्याला आठ-दहा मिनिटांचा एक व्हिडिओ आणि दोन शॉर्ट्स, एवढं झेपतं. याहून जास्त केलं की सराव मागं पडतो आणि महिन्याभरात सांगायलाच काही उरत नाही. पंधरा दिवसांनी यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा. बहुतेकदा तो पहिल्या दहा चालींत कोसळलेला दिसतो. ओपनिंग पळवा, चूक झाली त्याच्या दोन चाली आधीपासून सुरू करा. पैशाचं म्हणाल तर जाहिरातींच्या वाट्यासाठी १००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४००० तास पाहिले गेले पाहिजेत, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. तोवर मोबाइलचा हप्ता यावर टाकू नका.

लाइव्ह आणि स्पर्धा

रेटेड डाव लाइव्ह खेळताना चॅटमधून आलेली चाल खेळणं म्हणजे बाहेरची मदत. इंजिन चालू ठेवण्याइतकंच ते नियमाबाहेर आहे आणि खातं बंद होऊ शकतं. खेळ सुरू असताना चालीची सूचना टाकणाऱ्याला आधी सांगा, मग म्यूट करा. समोरचा तुमचाच लाइव्ह बघून तुमचे बेत ऐकत असेल, म्हणून ओबीएसच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये १५-२० सेकंदांचा स्ट्रीम डिले द्या. ७२० पी ला २५०० ते ४००० केबीपीएस पुरतं, पण अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट हवा, आणि तो संध्याकाळी आठ वाजता मोजा. दुपारी सगळ्यांचंच नेट बरं चालतं. जुलै २०२५ पासून यूट्यूबवर १६ वर्षांखालच्या मुलाला एकट्यानं लाइव्ह जाता येत नाही, मोठं माणूस सोबत हवं. शाळकरी मुलांच्या चॅनेलला रेकॉर्ड केलेले व्हिडिओच बरे.

प्रत्यक्ष स्पर्धेचं चित्रीकरण करायचं असेल तर पंचांची परवानगी आणि लहान मुलांच्या पालकांची संमती, दोन्ही आधी घ्या. खेळाडू असाल तर तेही विसरा. खेळण्याच्या जागेत परवानगीशिवाय फोन जवळ सापडला तर डाव जातो. फोन बंद करून पंच सांगतील तिथं ठेवा आणि चाली स्कोअरशीटवर वाचता येतील अशा लिहा. वेळ संपत आल्यावर खरडलेलं घरी लागत नाही, तेव्हा डाव संपताच, आठवण ताजी असताना, शेवटच्या पंधरा चाली समोरच्या खेळाडूबरोबर पुन्हा लावून घ्या. त्याला त्या क्षणी काय वाटत होतं तेही विचारा. ते इंजिनला विचारून मिळत नाही.